बैठकीला बसेल तेवढी पेटी

सासरी यवतमाळला आले तेव्हा माझ्यासोबत दोन ट्रंका आणि एक पेटी आली. ट्रंकांत काय होतं ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही, पेटी मात्र राहिली. गल्लीत बायकांचं भजनी मंडळ होतं आणि पेटीवर बसायला कोणी नव्हतं. पहिल्याच मंगळवारी मला बसवलं, ती मी पुढची सोळा-सतरा वर्षं उठले नाही. नावानं मला फार थोडे ओळखत. पण बसस्टँडवर रिक्षावाल्याला 'पेटीवाल्या बाईकडे' म्हटलं की तो दारात आणून सोडायचा. मला ते फार आवडायचं. याला गर्व म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

कापसानं दगा दिला ती वर्षं मंडळालाही जड गेली. निम्म्या बायकांच्या घरचा चुलीपर्यंतचा हिशेब कापसावर होता. सकाळचा पेपर उघडला की आमच्या जिल्ह्याचं नाव, आणि ते कशासाठी हे वेगळं सांगायला नको. मंगळवारचं भजन मात्र चुकलं नाही. उलट बायका वेळेआधी येऊन बसायच्या आणि आधीपेक्षा मोठ्यानं म्हणायच्या. जिल्ह्यात माणसं गातही होती, हे छापायला कोणी आलं नाही.

अशातच एका हिवाळ्यात माझा डावा खांदा आखडला. पेटीवाल्याचा उजवा हात पट्ट्यांवर असतो आणि डावा भात्यावर. भाता हलला नाही तर पेटी म्हणजे नुसतं लाकडाचं खोकं. दोन अभंग झाले की खांद्यातून अशी कळ निघायची की तिसऱ्याला माझा सूर अर्ध्यावर मरायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम सांगितले आणि शेवटी म्हणाले, "भाता बंद. हा हात आता जपायचा."

मंडळाच्या अध्यक्ष म्हणजे शेजारच्या काकू, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता, पण वर्ग सोडला तरी छडी सुटली नव्हती. नवरात्रात दुर्गेच्या मांडवात भजनस्पर्धा असायची, तिची त्यांना आतापासून काळजी.

"सीडी लावू," त्या म्हणाल्या. "आजकाल साऱ्याच मंडळांत लावतात. तू टाळ धर."

टाळ धर! टाळाला मी कमी लेखत नाही, पण पेटीवरच्या बाईला टाळ धरायला सांगणं म्हणजे स्वयंपाकिणीला पानं वाढायला उभी करणं. घरी आले आणि वरणाला अशी फोडणी दिली की सगळं घर ठसकलं.

उपाय सुचवला तो आमच्या यजमानांनी. ते लोहाऱ्याच्या एमआयडीसीत मोटारी दुरुस्त करत, म्हणजे विजेच्या मोटारी. जेवता जेवता म्हणाले, "मंग भात्याशिवायची पेटी घे नं. तो सिंथेसायझर काय म्हणतेत तो. बोट ठेवलं का वाजते. पण एक ध्यानात ठेव, सेलवर चालते का हे पयलं इचारजो. लाइन केवा जाईन याचा इथं काय भरोसा?"

खरं होतं. तेव्हा भारनियमन असं चाले की लाइट आली की लोक घड्याळ बघत.

मी काकूंकडे गेले आणि ठणकावून सांगितलं की पेटीवर मीच बसणार, फक्त पेटी बदलायची. काकूंनी बराच वेळ चष्मा पुसला. मग मंडळाच्या गाठीला जे होतं ते काढायला तयार झाल्या. भाव करायचं काम त्यांचं, वाद्य निवडायचं माझं. मंगळवारी हा विषय निघाला तशी जिला तिला अक्कल सुचली. कोणी म्हणे मोठ्यात मोठा घ्या, मांडवात शोभला पाहिजे. कोणी म्हणे काकूंच्या कपाटात मावेल असा घ्या. एकीनं तर सरळ विचारलं, "एका हातानं वाजवायचं हाय, त्याले इतक्या पट्ट्या कायले?"

ते मला पटलं, हे इथंच सांगते. माझा डावा हात आता निवृत्तच झाला होता. पेटीला तीन-साडेतीन सप्तकं असतात, तेवढ्यात माझं आयुष्य गेलं. लहानातला लहान घ्यायचा, खांद्याला उचलायला हलका, असं ठरवूनच मी आणि काकू चैत्रातल्या एका सकाळी नागपूरच्या एसटीत बसलो.

दुकान चांगलं ऐसपैस होतं. भिंतीला लागून सिंथेसायझर उभ्यानं वाजवायच्या उंचीला लावले होते, स्टँडवर, एकापेक्षा एक लांब. दुकानातला मुलगा बोलायला गोड. कुठून आलात म्हणाला. काकूंनी यवतमाळ सांगितलं आणि त्याचा चेहरा पडला, कोणी गेल्यावर दारावर आल्यासारखा.

"अरे रे. रोजच वाचतो पेपरात," तो म्हणाला, आणि मोठ्या वाद्यांकडे निघालेला तो मधूनच वळून कोपऱ्यातल्या लहानग्यांकडे गेला. "भजनालाच पाहिजे ना ताई? तुमच्यासाठी हे बरं. पेटीसारखं एका हातानं वाजवणाऱ्याला भरपूर झालं."

मी तेच घ्यायला आले होते. पण त्याच्या तोंडून ते ऐकलं आणि मला राग आला, कानशिलं तापली. यवतमाळचं नाव ऐकून यानं माझी पेटी लहान केली होती! मी म्हटलं, "खाली ठेवा."

"काय?"

"जमिनीवर ठेवा. आम्ही बसून वाजवतो. उभ्यानं लाडू वळता येत नाहीत तसं उभ्यानं भजनही होत नाही."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मी वर्गात शिट्टी वाजवली होती. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि दुकानाच्या फरशीवर मांडी घातली. त्यानं बिचाऱ्यानं एक लाकडी पाट शोधून आणला आणि त्यावर पहिला, सगळ्यांत लहान ठेवला. त्याच्या पट्ट्या खेळण्यातल्यासारख्या अरुंद. माझं एक बोट दोन पट्ट्यांवर पडायचं. नको म्हटलं.

दुसऱ्याच्या पट्ट्या आपल्या पेटीएवढ्या रुंद, सप्तकं चार. आमच्या बायका काळी चारच्या सुरात गातात. तिथून वरचा अंतरा नीट येत होता. हाच घेऊन उठायला हरकत नव्हती. पण माझा हट्ट पेटला होता. म्हटलं, सगळे दाखवा, सगळे खाली ठेवून दाखवा.

मग त्यानं एकदम अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा आणला, दोघांनी धरून. सात सप्तकांच्या वर पसारा. पट्ट्या पियानोसारख्या जड. आमच्या बोटांना भात्याच्या पेटीची सवय, तिथं हलक्या बोटानं सूर निघतो. टोकाचा सूर घ्यायला मला मांडी मोडून कुल्ल्यावर सरकावं लागलं. आणि तो सेलवर चालतही नव्हता. शहात्तरचा त्याहून आटोपशीर, पण तोही भिंतीतल्या विजेवरच जगणारा, आणि एसटीत त्याला वेगळी सीट लागली असती.

शेवटी एकसष्टचा ठेवला. पाच सप्तकं. खाली सहा मोठे सेल घालायची जागा, आपल्या बॅटरीतले असतात तसे. मी उजव्या हातानं एक गवळण सुरू केली. डावा हात मांडीवर पडला होता, आजारी माणसाला कोपऱ्यात निजवावं तसा. वाजवता वाजवता तो मांडीवरून घसरला आणि सरळ पाटावरच्या खालच्या पट्ट्यांवर जाऊन टेकला. खांदा उचलावा लागला नाही, दुखलं नाही. बोट पडलं तो षड्ज होता, अगदी खालचा, आमच्या पेटीला जो कधी नव्हताच.

तो सूर फरशीतून माझ्या मांडीत आला. मी गवळण थांबवली नाही, बोटही उचललं नाही. डोळ्यांत पाणी आलं ते मात्र थांबवता आलं नाही. डॉक्टरांनी, काकूंनी, गल्लीनं आणि मी स्वतः ज्याला पेन्शनीत काढलं होतं तो हात सूर धरून बसला होता.

चार सप्तकांचा परत मागवून त्यावर दोन्ही हात ठेवून पाहिले. डावा खाली न्यायला गेले की उजव्याच्या वाटेत यायचा, कोपरं एकमेकांना लागायची. एकसष्टवर बैठक न मोडता दोन्ही टोकं हाताला येत होती, आणि मध्ये एक सप्तक मोकळं राहत होतं.

"हाच," मी म्हटलं.

"पण ताई, एका हाताला..."

"दोन आहेत मला," मी म्हटलं.

काकूंनी भाव असा केला की सेल आणि कापडी कव्हर दुकानानं आपणहून दिलं. परतीच्या एसटीत खोकं आम्ही दोघींच्या पायांपुढे उभं धरलं. कंडक्टरनं विचारलं, "पाळणा हाय का बाई?" काकू म्हणाल्या, "पाळणाच समज." कळंबला गाडी थांबली तेव्हा दोघींनी बसल्या जागेवरून तिथल्या चिंतामणी गणपतीला हात जोडले, मी डावा हात जेवढा उचलला गेला तेवढाच उचलला.

आता कोणाला वाटेल की दुसऱ्या दिवसापासून मी दोन्ही हातांनी वाजवू लागले. कशाचं काय! पहिल्या मंगळवारी अभंग सुरू झाला आणि माझा डावा हात सवयीनं सिंथेसायझरच्या मागे गेला आणि भाता मारू लागला. तिथं भाता नव्हता. हात हवेत पुढे-मागे, पुढे-मागे. टाळवाल्या बायकांना हसू आवरेना. एक म्हणाली, "अवं, हवा कोनाले घालून राह्यली?" सगळं मंडळ लोळायचं बाकी राहिलं. मीही हसले, पण मनात म्हटलं, थांबा जरा.

तो हात माणसाळवायला उन्हाळा गेला आणि पावसाळाही. स्वयंपाक झाला की मी पाटापुढे बसायची. हात पळाला की त्याला परत आणून खालच्या षड्जावर ठेवायची, रांगत्या पोराला सतरंजीवर ठेवावं तसं. आधी नुसता एक सूर धरायला शिकला. मग पंचम. मग उजवा अंतऱ्यावर चढला की डाव्यानं खाली वाट बघत थांबायचं, हे त्याचं त्याला उमगलं. यजमान कारखान्यातून आले की दारातच चपला घालून उभे राहत, आत येत नसत. ऐकत होते, हे मला ठाऊक होतं.

नवरात्रातल्या स्पर्धेत पहिला नंबर आमचा आला नाही, हे आधीच सांगून टाकते. आमची पाळी दुपारची होती. मांडव खचाखच भरलेला. कापसाची वेचणी तोंडावर आलेली, तरी आसपासच्या गावांतल्या बायका आल्या होत्या. दुसरा अभंग रंगात आला आणि लाइन गेली. माइक मेला, पंखे थांबले. आमच्या आधीच्या मंडळाची सीडी अशीच बंद पडली होती आणि त्या बायका मध्येच उठून गेल्या होत्या. काकूंनी घाबरून माझ्याकडे पाहिलं.

सेल होते. मी खालचा सूर धरून ठेवला, माइकशिवाय, वाद्याच्या स्वतःच्या आवाजात जेवढा निघत होता तेवढा. उजवा हात क्षणभर उचलला आणि बायकांना मानेनं खूण केली. त्या जमिनीसारख्या सुरावर उभ्या राहून त्या बिनमाइकच्या गळ्यानं जे गायल्या, ते अजून माझ्या कानात आहे. मांडवाच्या शेवटच्या कनातीपर्यंत आवाज गेला. तेवढ्या वेळात त्या मांडवात कोणी बिचारं दिसत नव्हतं. माझा ऊर भरून आला, आपल्या बायकांच्या अभिमानानं आणि थोडा स्वतःच्याही.

खाली उतरलो तर एक म्हातारे पेटीवाले गर्दीतून वाट काढत आले, शेजारच्या गावच्या मंडळातले. ते कनातीमागे बसले होते, तिथून त्यांना नुसतं ऐकू येत होतं, मंच दिसत नव्हता.

"काकू," त्यांनी विचारलं, "पेटीवर दोघीजणी बसवल्या होत्या काय तुमी? एक वर वाजवत होती, तं खाली सूर कोन धरून होती?"

मी तोंड उघडायच्या आत काकूंनी माझा डावा हात मनगटाला धरून पुढे केला.

"बाई एकच हाय," त्या म्हणाल्या. "हे पाहा, हा धरून होता."