काचेवरचा पदर

आज पहाटे गाडीच्या काचेवर दव गोठल्यासारखं बसलं होतं. हीटरनं काच दोन मिनिटांत साफ होते, तरी मी सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचं फडकंच घेते. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. ते फडकं ओलं झालं की त्याच्या वासानं मला भरे गावातलं आमचं अंगण आठवतं.

कंपनीच्या कॅबवर माझा तो पहिला दिवस होता. हिंजवडीला सकाळच्या पाळीची माणसं सोडायची होती. काच पांढरीफटक झालेली आणि मी बोटं बधिर होईस्तोवर हातानंच पुसत होते. ओट्यावरून सासरे हसले. "सूनबाई, काच पुसता येईना अन् म्हणं गाडी चालीवणार! ठिव चावी हितं."

"न्हाई ठेवणार," मी म्हणाले. चावी मुठीत घट्ट होती.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. सासऱ्यांसमोर त्यांच्या डोक्यावरचा पदर ढळलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी तोच खसकन ओढला आणि अख्खी काच पुसून काढली.

"आता दिसतंय न्हवं समदं? मग जा."

तेव्हा वाटलं, हे माझ्यासाठी केलं. आता वाटतं, त्या कितीतरी वर्षं निमित्तच शोधत होत्या. तो पदर परत डोक्यावर गेलाच नाही.