चौदा नखं

मुलगी पुण्याला नोकरीला गेली आणि जाताना तिचं गिनी पिग आमच्याकडे ठेवून गेली. सांभाळायच्या सूचना तिने कागदावर लिहून फ्रिजला चिकटवल्या होत्या. चौथी सूचना अशी: महिन्यातून एकदा नखं कापणे, हे काम बाबांचं. पुढच्या पायांना चार-चार बोटं, मागच्यांना तीन-तीन, म्हणजे एकूण चौदा नखं. तिच्या आईने प्राण्याला हात लावायला आधीच नकार दिला होता. ती त्याला ‘आपलं ध्यान’ म्हणायची, तेही लांबूनच.

नखांच्या बाबतीत आमच्या घरात कायदे कडक आहेत. शनिवारी कापायची नाहीत. गुरुवारी बायकोचा उपास, म्हणून तेव्हाही नाहीत. दिवेलागण झाली की कुठल्याच वारी नाहीत, आणि पलासिया भागातल्या ऑफिसातून मी घरी पोचतो तेव्हा देवापुढे दिवा लागलेला असतो. मी असलं काही मानत नाही, हे मी लग्नापासून सांगत आलोय. नखं मात्र रविवारीच कापतो.

पहिल्या रविवारी पोहे खाऊन ध्यानाला मांडीवर घेतलं. त्याची नखं काळी. नखाच्या आत रक्ताची शीर असते, ती पांढऱ्या नखात दिसते, काळ्यात दिसत नाही. हे मला तिसऱ्या नखाला कळलं. ध्यान एकदाच किंचाळलं आणि माझ्या लेंग्यावर रक्ताचे दोन थेंब पडले. मी नेलकटर ड्रॉवरच्या तळाशी ठेवलं आणि वर विजेची जुनी बिलं रचली.

त्या दिवसापासून मी धार्मिक झालो. एका रविवारी अमावस्या निघाली, एका रविवारी एकादशी. जेव्हा काहीच निघालं नाही, तेव्हा पाहुणे आले.

“तुम्ही कब से मानायला लागले हे सगळं?” बायकोने आमच्या इकडच्या हिंदीमिश्रित मराठीत विचारलं.

वयानुसार माणूस बदलतो, असं मी म्हणालो. तिला फार बरं वाटलं.

मुलीचा व्हिडिओ कॉल शनिवारी संध्याकाळी यायचा. मी ध्यानाच्या तोंडात कोथिंबीर द्यायचो, फोन तोंडासमोर धरायचो आणि ‘मस्त आहे’ म्हणायचो.

असे तीन महिने गेले. एका शुक्रवारी मी कोथिंबिरीची पिशवी वाजवली आणि ध्यान आलंच नाही. एरवी पिशवी वाजली की शिट्ट्या मारत धावायचं. उचलून बघितलं तर नखं वाकून तळव्याकडे वळलेली, मागच्या एका पायाची टाच लाल, सुजलेली, वर तपकिरी खपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसऐवजी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी ध्यानाला उलटं केलं.

“अंकलजी, नाखून कब से नहीं काटे?”

“हमारे यहाँ शनिवार को नहीं काटते,” मी म्हणालो.

“अच्छा. और बाकी छह दिन?”

माझ्यामागे एक लॅब्राडोर नंबर लावून बसला होता. तोही उत्तराची वाट बघतोय असं मला वाटलं. इतकी लाज मला नोकरीतसुद्धा कधी वाटली नव्हती.

नखं वाढली की बोटं सपाट टेकत नाहीत, सगळा भार टाचेवर येतो, त्यात पिंजऱ्याचा तळ कडक, असं डॉक्टरांनी समजावलं. जखम हाडापर्यंत गेली तर हातात काही राहणार नाही, हेही सांगितलं. औषध दिलं, खाली मऊ कापड अंथरायला आणि क जीवनसत्त्वासाठी रोज शिमला मिरची खायला घालायला सांगितलं. मागची सहा नखं त्यांनीच कापली. पुढची आठ मुद्दाम ठेवली. “ये आप आज ही काटोगे. सीख लो, नहीं तो फिर यही होगा.”

ड्रॉवर उघडायला मला संध्याकाळ झाली. देवापुढे दिवा लागला होता. बायकोने ती टाच पहिल्यांदाच बघितली. तिने जुन्या सुती साडीच्या तुकड्यात ध्यानाला गुंडाळलं आणि मांडीवर घेतलं.

“आज शनिवार आहे,” मी म्हणालो.

“वार माणसांना असतात. कापा. जरासंच.”

नखाखाली तिने बॅटरी धरली. सहाव्या नखाला रक्त आलंच. मी थांबलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं तिने चिमूटभर कॉर्नफ्लॉवर दाबून धरलं. “झालं. दोन राहिलीत.” मी दोन्ही कापली.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. मी तो तोंडासमोर न धरता टाचेसमोर धरला आणि सगळं सांगितलं. अमावस्याही सांगितली.

“मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. “तुम्ही दर वेळी त्याचं नुसतं तोंड दाखवायचात.”

“मग विचारलं का नाहीस?”

“भीती वाटली.”

त्यानंतर दर शनिवारी आधी टाच दाखवायची, असं ठरलं. पाचव्या शनिवारी खपली पडून खाली गुलाबी कातडी आली होती. मुलीने ती बराच वेळ बघितली. मग फोन जरा खाली घेतला, तेव्हा तिच्या मागची खोली दिसली. पसारा होता, उष्टा डबा तसाच पडला होता.

“बाबा, मीपण इतके महिने नुसतं तोंडच दाखवतेय. मला इथे अजिबात करमत नाही.”

बायकोने ध्यानाला माझ्या मांडीवर दिलं आणि फोन हातात घेतला.

“सांग,” ती म्हणाली.