फोनमधल्या वाट्या

ओब्दुलियाला किळस कशाची येते असं विचारू नका, कशाची येत नाही ते विचारा. दुसऱ्याच्या कपातली कॉफी, बसच्या दांड्याला लागलेला घाम, शेजारच्या बेर्नार्दाचं पातेल्यात बोट घालून चाखणं, सगळ्यावर हिचा एकच शब्द, शी! सागुआ गावच्या इस्पितळात तिनं एकतीस वर्षं परक्या लोकांच्या चादरी उकळल्या होत्या. माणसाच्या आत काय काय भरलेलं असतं ते तिनं पुरतं पाहिलं होतं, त्यामुळे कुठल्याही वस्तूच्या आत डोकावायची तिला हौस नव्हती. वरून पुसावं, झाकून ठेवावं आणि मोकळं व्हावं.

आणि नशिबानं पदरात टाकली काय, तर येनिसेई! मुलीची मुलगी, वय वर्षं सहा. त्या कार्टीला वस्तू दिसली रे दिसली की तिचं पोट फाडून बघायचं. पंखा उघडला, आतून मांजराएवढा धुळीचा गोळा निघाला. इस्त्री उघडली. कॉफीच्या किटलीतलं रबर काढलं, तर त्याखाली वर्षानुवर्षांचा काळा चिकटा! ओब्दुलियानं किटली हातभर लांब धरली. रोज सकाळी आपण हे पीत होतो? तिनं किटली तीनदा उकळली, तरी आठवडाभर तिच्या घशाखाली कॉफी उतरली नाही.

"इंजिनीयर होणार माझी पोरगी," मायेलीन, पोरीची आई, कौतुकानं म्हणायची.

"इंजिनीयर कसली, कसाई होईल! नखं बघ तिची. ग्रीस, ग्रीस आणि वर भाताची शितं. त्याच हातानं जेवते, शी!"

"आई, तू पण ना!"

घरात एकाच वस्तूला हात लावायची पोरीला बंदी होती. फोन. जुना, काळा, तबकडीचा. गल्लीतल्या लोकांना तिथून फोन लावायला ओब्दुलिया परवानगी द्यायची, वर लगेच रिसीव्हर स्पिरिटनं पुसायची. पण आपला नंबर तिनं कुणाला दिला नव्हता. "तुमचे फोन आले की हाका मारत फिरायला मी काय तुमची मोलकरीण आहे?" येणारा फोन एकच, लेकाचा, रविवारी चार वाजता.

लेक ओस्मानी दोन वर्षांपूर्वी परदेशी, किटोला गेला होता, बांधकामावर. बाहेरून बोलायचं तर मिनिटाला जीव जातो. म्हणून सगळ्या गल्लीत चालतं तेच या मायलेकांनी ठरवलं होतं. तीनदा वाजवायचा आणि ठेवून द्यायचा. म्हणजे मी बरा आहे. उचलायचा नाही, उचलला की पैसे पडले. वाजतच राहिला तर मात्र उचलायचा, म्हणजे काहीतरी झालंय. तो कुठल्याशा दुकानातून लावायचा, त्यामुळे इकडून उलटा लावायला नंबरच नव्हता. दोन वर्षांत एक रविवार चुकला नव्हता. ओब्दुलिया दारात झुलत्या खुर्चीत बसायची, समोर डोमिनोवाल्यांचा कलकलाट चाललेला असायचा, आतून तीनदा वाजलं की म्हणायची, "चला, जेवला असेल."

आणि मग एका रविवारी वाजलाच नाही.

पहिल्या वेळी ती घाबरली, अंधार पडेपर्यंत खुर्चीतून उठली नाही. दुसऱ्या वेळी बेर्नार्दानं कुंपणावरून विचारलं, "काय गं, लेकाला तिकडची कुणी मिळाली वाटतं? आता आई कशाला आठवेल!" ओब्दुलिया हसली, पण ते शब्द काही डोक्यातून जाईनात. बेर्नार्दाच्या भाच्यानं हेच केलं होतं. तिसऱ्या रविवारी पाच वाजले, सहा वाजले. भीती आता विटून तिचा राग झाला होता. तीन घंटांपुरता हात फिरत नाही मेल्याचा! ह्याला मी पोटात वाढवला? दर शनिवारी ती त्याचा मागे राहिलेला पांढरा सदरा धुऊन, स्टार्च करून, इस्त्री मारून ठेवायची. तो तिनं काढला, बाह्या टरकावल्या आणि त्याचं फरशी पुसायचं फडकं केलं.

"आई, वेड लागलंय का तुला? दादाचा सदरा तो!" मायेलीन ओरडली.

"मला त्याचा वासही नको."

चौथा रविवार. ओब्दुलिया त्याच फडक्यानं फरशी पुसत होती. टेबलाखाली येनिसेईचा स्वयंपाक चालला होता. दोन पितळी वाट्या, एकीत काळे घेवडे, दुसरीत मातीचा भात.

"ह्या वाट्या कुठल्या गं?"

पोरीनं भाताची वाटी पाठीमागे लपवली. आजीनं दुसरी उचलली. वाटीच्या मधोमध भोक होतं. फरशीवर आपटली तेव्हा ती वाजली, आणि तो आवाज ओब्दुलियानं दोन वर्षं दर रविवारी ऐकला होता.

तिनं धावत जाऊन फोन उचलून पाहिला. झाकण अलगद हातात आलं, स्क्रू नव्हतेच. आत झुरळांची अंडी, लेंड्या, एक अख्खं जिवंत झुरळ. घंटेच्या वाट्यांच्या जागी नुसती हातोडी उभी. तिच्या अंगावर शिसारी आली. एका हातानं तिनं पोरीचा दंड धरला, दुसरा मारायला उगारला.

"कधी काढल्यास? बोल!"

"खूप दिवस झाले," येनिसेई रडकुंडीला आली. "पण फोन येतो गं आजी! मी हात ठेवते ना वर, तर गुदगुल्या होतात. रविवारी. तीनदा."

उगारलेला हात खाली आला. "तीनदा?"

"दोन रविवार तीनदा. मागच्या वेळी थांबतच नव्हत्या. मला वीसपर्यंतच येतं, त्याच्या पुढे मोजता नाही आलं."

ओब्दुलियाला कसंसंच झालं. ही किळस आता झुरळांची नव्हती, पोरीचीही नव्हती. मागच्या रविवारी लेक तिला बोलावत होता, वीसच्या पुढे, आणि ती दारात बसून त्याला शिव्या घालत होती. फरशीवर त्याच्या सदऱ्याची कॉलर भिजत पडली होती.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आजचा फोन येऊन गेला की यायचाच आहे, कळायला मार्ग नव्हता. तिनं उघड्या फोनवर तळहात ठेवला. झुरळ बोटांवरून गेलं, तिनं हात हलवला नाही.

"गुदगुल्या होतायत का आजी?"

"नाही."

"लावू का वाट्या परत?"

"लाव," ओब्दुलिया म्हणाली, आणि तो घाणेरडा फोन तिनं मांडीवर घेऊन धरला.