चपला काढून आखलेली रेघ

चामराजपेटेतल्या मानसिंगांनी उभ्या जन्मात बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसातला. तरी सत्त्याण्णव साली हिमालयातल्या हिमनद्यांच्या कडा बेंगळुरूत बसून तेच आखत होते. उपग्रहाने टिपलेली चित्रं कचेरीत यायची. काचेच्या टेबलाखाली दिवे लावून, चित्रावर पारदर्शक कागद पसरून ते आधी पेन्सिलीने आणि मग शाईने हद्द ओढायचे. बावीस वर्षं नकाशे काढणारा हात तो. रेघ ओढण्याआधी मात्र चपला काढायच्या, हा नेम.

"मानसिंगअण्णा, हे टेबल आहे, घाट नाही," पुण्याहून आलेला तरुण शास्त्रज्ञ शंतनु हसायचा.

"इथूनच गंगेला पाणी जातं, तुम्हीच म्हणता ना? मग चपला घालून कसा उभा राहू?"

एका हिमनदीवर मात्र दोघांचं अडलं. पांढरा-निळसर रंग संपला तिथे शंतनुच्या संगणकाने हिमनदी संपवली होती. मानसिंगांची रेघ तिच्या बरीच खाली, करड्या दगडांत उतरली होती.

"अण्णा, ते नुसते दगड आहेत."

"वर दगड, खाली बर्फ. हे पट्टे बघा, वळणाशी कसे वाकलेत! खालून काही सरकल्याशिवाय वाकतील? आणि ओढाही निघतो तो पार इथून."

शंतनुने मान खाजवली. "सप्टेंबरात आम्ही तिथे जातोच आहोत. तोवर पेन्सिलच राहू द्या. पण चुकलं असेल, तर पुढचे सगळे नकाशे संगणकाकडे जातील. साहेबांचं तसंच ठरतंय."

तेव्हापासून मानसिंगांचं जेवणावरचं लक्ष उडालं. बायकोने, सकवारबाईंनी, विचारून विचारून कारण काढलंच.

"देवाला सांगते मी."

"नसलेला बर्फ देव आणून ठेवणार आहे का?"

"असलेला वितळू देऊ नको, एवढं तरी सांगते!" आणि त्यांनी सोमवार धरले.

ऑक्टोबरात शंतनु परतला तो नाकाची सालं निघालेला. खिशातून कॅमेऱ्याच्या रोलची डबी काढून त्याने टेबलावर ठेवली. आत पाणी होतं.

"तुमच्या रेघेपासचं. दगडावर पाय दिला, तो घसरला, आणि खाली काळपट बर्फ! मी बसलोच त्यावर. बूट भिजले ते वेगळंच."

"चपला काढायच्या होत्या."

"थंडी पाहिलीय का कधी, अण्णा?" शंतनु खो-खो हसला. मग कागदावर वाकला. "फक्त ही डावी कड तुम्ही जास्त पसरलीत. तिथे खरंच दगड आहेत."

"सरी, बरं, स्वल्प आत घेतो."

डबी त्यांनी सकवारबाईंच्या देवघरासाठी रुमालात गुंडाळून ठेवली. चपला काढल्या, डावी कड खोडून आत घेतली, आणि शाईचं पेन उघडलं.