मोटारअड्ड्यावरचं कार्ड

आमचा जिल्हा आंध्रात गेला त्या वर्षीची गोष्ट. बोथच्या मोटारअड्ड्यावर एक अनोळखी बाई बाकावर माझ्याजवळ येऊन बसली. तिनं पोस्टाचं कार्ड पुढं केलं.

"तुले वाचता येते का वं?"

मी चवथी शिकलेली. लाजत वाचलं. रझाकारांच्या धुमाकुळात तिचा नवरा पैनगंगेपार वऱ्हाडात गेला, तो परतलाच नव्हता. आता कळवलं होतं, सोमवारच्या मोटारीनं बोथला येतो.

"न्यायले येतो, असं लिवलं हाय का? पाय बरं पुन्हा."

मी पुन्हा पाहिलं. तसं नव्हतं. ती डोक्यावर पदर घ्यायची, लगेच मागं सारायची.

"इतकी वर्सं रोज मनात त्यायच्यासंगं भांडली मी. आता समोर आले त काय बोलू?"

मोटार आली. पांढऱ्या केसांचा एक माणूस उतरला, इकडंतिकडं पाहून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. तिनं माझा दंड धरला.

"तेच हायेत. तू मधून हालू नको वं."

मग तो समोर पाहतच मला म्हणाला, "बाई, यायले विचारा, गठुडं कुठं हाय?"

तिचा हात सुटला. "मी त काईच बांधलं नाई," ती मला म्हणाली. "नाई नेलं त लोक हासतीन म्हून."

मी उठले. रिकाम्या जागेवर त्यानं आपली पिशवी ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली. ती सरकली नाही. माझ्याकडंच पाहत राहिली, जणू पुढचंही मीच वाचून सांगायचं होतं.