बाईंचं चुकलेलं उत्तर

परदेशातून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट घेऊन बाई आपल्या गावच्या कॉलेजात शिकवायला परतल्या, तेव्हा सगळ्यात आधी त्यांच्या आईनंच कपाळाला हात लावला.

"एवढं शिकून आता लंबकच हलवत बसणार का?"

"एकटी नाही हलवणार," बाई म्हणाल्या.

आसपासच्या कॉलेजांतल्या फिजिक्सच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा जमावं, सगळ्यांनी एकच प्रयोग करावा आणि त्यावर यथेच्छ भांडावं, असा त्यांचा बेत होता. भांडायला माणसं नसतील तर संशोधन कसलं?

प्रयोगशाळेमागची खोली मिळाली. शिक्षकही आले. पण भांडणार कशावर? लंबकावरून काढलेलं गुरुत्वाकर्षणाचं उत्तर प्रत्येकाचं नऊ पॉइंट आठ. स्टँड वाकडा, घड्याळ आजारी, तरी नऊ पॉइंट आठ! पुस्तकातलं उत्तर आधी धरायचं आणि रीडिंगं मागून बेतायची, ही कला सगळ्यांना विद्यार्थी असल्यापासून येत होती. निवृत्तीला टेकलेले आजोबा सर तर त्यात मुरलेले. मंडळी चहा प्यायची, 'छान, छान' म्हणायची आणि घरी जायची. दर महिन्याला डोकी कमी होत होती.

शेवटी प्राचार्यांनी सांगून टाकलं, "ही बैठक झाली की खोली परीक्षा विभागाला. उत्तरपत्रिका ठेवायला जागा नाही." खोली जाण्यापेक्षा माणसं पांगतील याची बाईंना जास्त धास्ती होती.

त्या बैठकीत त्यांनी फळ्यावर स्वतःचं उत्तर लिहिलं. नऊ पॉइंट सहा.

"कितीदाही केलं तरी हेच येतंय. माझं काय चुकतंय ते मला सापडत नाही. तुम्ही शोधून द्या."

डॉक्टरेटवाल्या बाईंची चूक काढायची कोणी? शेवटी आजोबा सर उठले, लंबकाभोवती फिरले आणि त्यांनी टेबलावरची कापडी टेप उचलली.

"दोरा या टेपेनं मोजलात? ही ओढून ओढून सैल झालीय, बाई. अशाच टेपेनं आमच्या हिनं शिवलेले माझे दोन सदरे बिघडले होते."

स्टीलची पट्टी लावून पाहिली. टेपेवरचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा चांगला दोन सेंटिमीटर मोठा निघाला. म्हणजे दोरा असतो त्याहून आखूडच मोजला जात होता आणि उत्तरही तेवढंच कमी येत होतं.

"आमच्या कॉलेजातही अशीच सैल टेप आहे," सर सहज बोलून गेले.

"मग तुमचं नऊ पॉइंट आठ कसं आलं हो?" कोपऱ्यातल्या एका शिक्षिकेनं विचारलं.

सर आधी गोरेमोरे झाले, मग स्वतःच खो खो हसत सुटले. त्यानंतर मात्र प्रत्येकाला वाचा फुटली. प्राचार्य किल्ली न्यायला आले, तेव्हा दोन प्राध्यापक जमिनीवर उकिडवे बसून लंबकाच्या गोळ्याचा मध्य कुठे, यावर हमरीतुमरीवर आले होते.

"कोणाचं चुकलं?" प्राचार्यांनी विचारलं.

"माझं," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

किल्ली गेली ती गेलीच. खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले आणि बाईंना वाईट वाटायचं ते वाटलंच. आता कोण कशाला येतंय, असं त्यांनी मनाशी धरलंही होतं. तेवढ्यात आजोबा सरांचा फोन आला.

"बाई, या महिन्यात सगळ्यांना आमच्या कॉलेजात बोलावलंय. आमचं उत्तर सात पॉइंट काहीतरी आलंय. मी एकाही रीडिंगला हात लावलेला नाही. लवकर या."