टेलरकाकांचा साक्षीदार

राजापेठेतल्या अठ्ठ्याहत्तरीच्या टेलरकाकांनी मृत्युपत्रात आपलं दुकान आमच्या मोहल्ल्याच्या निधीला देऊन टाकलं. त्यांच्यामागे तिथे पोरींसाठी अभ्यासिका व्हावी, एवढीच अट. साक्षीदार म्हणून सही माझी. तेव्हापासून मी दिसलो की काका गळ्यातला टेप काढून भर रस्त्यात माझी कंबर मोजतात आणि मान हलवतात. काल मी कोपऱ्यावर कचोरी घेतली, तर त्यांनी प्लेटच ओढली.

"साक्षीदारच आधी गेला तं कोर्टात कोन सांगन, सही माहीच हाये म्हणून?" असं म्हणत कचोरी त्यांनीच खाल्ली.

"काका, तुमच्या शुगरचं काय?"

"मले काय धाड भरली? माह्यं तं सारं लिहून झालं."

काकांनी आता शंभरी गाठावी. त्यांच्याआधी मरायची मला परवानगी नाही.